सॉफ्टवेअर टेस्टिंगमधील मोजमाप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि नवी मुंबईतील आम्ही काही टेस्टर महिन्यातून एका शनिवारी दादरला एकत्र बसतो. त्या बैठकीत आणि एरवीही माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे अधिक सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जेथे ‘समजा’ म्हटले आहे, तेथील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत.

१. माप आणि मेट्रिक यांत फरक काय?

‘या आठवड्यात ४२ बग (सॉफ्टवेअरमधील दोष) नोंदले गेले’ हे माप आहे. तेच माप दुसऱ्या कशाच्या तरी प्रमाणात मांडले, उदाहरणार्थ दर हजार ओळींमागे किती बग किंवा दर शंभर टेस्ट केसमागे (ठरवून लिहिलेल्या तपासण्यांमागे) किती बग, की ते मेट्रिक होते. ४२ हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही, कारण ते बग दोन टेस्टरांनी दोन दिवसांत शोधले की दहा जणांनी आठवडाभर, आणि ते कोऱ्या मॉड्यूलमध्ये (सॉफ्टवेअरच्या नव्या भागात) सापडले की दहा वर्षे चालू असलेल्या, हे कळल्याशिवाय त्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही.

२. आमच्या डॅशबोर्डवर पंचवीस मेट्रिक्स आहेत, पण कोणी पाहत नाही. सुरुवात नेमकी कुठून करावी?

सुरुवात आकड्यापासून न करता प्रश्नापासून करावी. मेरीलँड विद्यापीठातील व्हिक्टर बॅसिली आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वाइस यांनी १९८४ मध्ये मांडलेली ‘ध्येय, प्रश्न, मेट्रिक’ ही पद्धत आजही मला सर्वांत उपयोगी वाटते. आधी ध्येय लिहायचे, त्या ध्येयातून प्रश्न काढायचे आणि प्रश्नाचे उत्तर देण्यापुरतेच मोजायचे.

समजा, ध्येय असे आहे की महिन्याच्या पहिल्या तारखेला, सगळ्यांचे पगार जमा होतात त्या दिवशी, पेमेंट अडकता कामा नये. त्यातून येणारे प्रश्न असे असतील : एरवीच्या किती पट व्यवहार त्या दिवशी होतात, तितक्या भाराखाली आपण टेस्ट केले आहे का, आणि पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही अशा प्रत्येक वाटेची टेस्ट केस आपल्याकडे आहे का? या प्रश्नांची उत्तरे तीन-चार आकड्यांत मिळतात. उरलेल्या एकवीस मेट्रिक्सना एकच कसोटी लावावी : हा आकडा उद्या दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तर आपण काय वेगळे करू? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ते मेट्रिक काढून टाकावे.

३. आमची टीम चारच जणांची आहे. आम्ही किमान काय मोजावे?

तीन गोष्टी पुरेशा आहेत : रिलीजनंतर, म्हणजे आवृत्ती ग्राहकांना दिल्यानंतर, ग्राहकाला सापडलेले बग (प्रश्न १० पाहावा), गंभीर बग नोंदल्यापासून दुरुस्त होईपर्यंतचा काळ, आणि दुरुस्त म्हणून बंद केलेल्यांपैकी पुन्हा उघडावे लागलेले बग. हे तिन्ही आकडे बग नोंदवण्याच्या साधनातून थेट मिळतात, त्यामुळे वेगळी नोंदवही ठेवावी लागत नाही.

४. ‘टेस्टिंगला किती दिवस लागतील?’ असे विचारले की मी अंदाजे आकडा सांगते आणि पुढे अडचणीत येते. अंदाज कसा बांधावा?

एकच आकडा सांगू नये. तीन आकडे काढावेत : सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, बहुधा किती आणि सगळेच अडले तर किती. सर्वांत शक्य आकड्याला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘पर्ट’ तंत्रातील हे सूत्र आहे. समजा, तुमचे आकडे ६, ९ आणि १८ दिवस आहेत, तर अंदाज १० दिवसांचा येतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरकाला सहाने भागले की २ दिवस हे प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो याचे माप, मिळते. म्हणून उत्तर ‘१० दिवस’ असे न देता ‘८ ते १२ दिवस, आणि बिल्ड (तपासायला मिळणारी सॉफ्टवेअरची आवृत्ती) उशिरा आले तर त्याहून अधिक’ असे द्यावे.

अंदाज चुकण्याचे कारण बहुतेक वेळा सूत्रात नसून विसरलेल्या कामात असते. पहिल्या फेरीतील टेस्ट केस सगळे मोजतात, पण बग दुरुस्त झाल्यावर करायची फेरतपासणी, त्यानंतरचे रिग्रेशन (बदलामुळे आधी चालणारे काही बिघडले नाही ना, याची तपासणी), टेस्टचा डेटा तयार करणे आणि वातावरण बंद पडल्यामुळे गेलेले तास हिशेबात येत नाहीत. मागच्या तीन रिलीजमध्ये या कामांना प्रत्यक्ष किती तास लागले, हे लिहून ठेवलेले असेल तर पुढचा अंदाज आपोआप सुधारतो. मनुष्यबळही कॅलेंडर समोर ठेवून मोजावे : गणपतीत निम्मी टीम कोकणात असते, हे जूनमध्येच ठाऊक असते, तरीही सप्टेंबरच्या रिलीजची योजना पूर्ण टीम धरून केलेली मी अनेकदा पाहिली आहे.

५. वेळ कमी आहे. कोणत्या मॉड्यूलवर जास्त टेस्टिंग करावे, हे आकड्यांवरून ठरवता येते का?

बऱ्याच अंशी येते. बिघाड झाल्यास नुकसान किती आणि बिघाडाची शक्यता किती, हे दोन वेगवेगळे विचार आहेत. नुकसानाचे उत्तर व्यवसाय जाणणाऱ्या माणसाकडून घ्यावे. शक्यतेसाठी तीन खुणा पाहाव्यात : मॉड्यूल अलीकडे किती वेळा बदलले, पूर्वी तेथे किती बग सापडले आणि त्याचा कोड किती गुंतागुंतीचा आहे.

गुंतागुंतीसाठी थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेला सायक्लोमॅटिक आकडा वापरतात. साध्या फंक्शनमध्ये निर्णयबिंदू (‘जर-तर’सारख्या अटी) मोजून त्यांत एक मिळवला की तो येतो, आणि तो १० च्या पुढे गेल्यास फंक्शन तोडण्याचा विचार करावा असे मॅकेब यांनी सुचवले होते. बगची घनता मात्र जपून वाचावी. समजा, एका मॉड्यूलच्या २,००० ओळींत ८ बग सापडले आणि दुसऱ्याच्या १०,००० ओळींत १५, तर पहिल्याची घनता हजार ओळींमागे ४ आणि दुसऱ्याची १.५ येते. पहिले मॉड्यूल अधिक सदोष आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन्हींवर किती तास टेस्टिंग झाले ते पाहावे, कारण जेथे कोणी शोधलेच नाही तेथे घनता कमीच दिसणार.

६. आमचे कोड कव्हरेज ८५ टक्के आहे. हे पुरेसे आहे का?

कव्हरेज म्हणजे टेस्ट चालवताना कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालला, याची टक्केवारी. हा आकडा कोणता कोड टेस्टमध्ये चाललाच नाही, हे खात्रीने सांगतो. जो चालला तो बरोबर चालला की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून ८५ वर समाधान मानण्याऐवजी उरलेले १५ टक्के उघडून पाहावेत. त्यांत पैसे परत करण्याचा कोड असेल, तर ८५ अपुरे आहेत; कधीच न वापरला जाणारा जुना अहवाल असेल, तर पुरेसे आहेत.

आपल्या रोजच्या रिक्षाच्या भाड्याचे उदाहरण घेऊ. मुंबईत मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जादा आकारले जातात. भाडे काढणाऱ्या फंक्शनमध्ये आधी मूळ भाडे काढले जाते, वेळ रात्रीची असेल तर ते सव्वापट होते आणि मग उत्तर परत दिले जाते. रात्री दोनच्या प्रवासाची एकच टेस्ट लिहिली, तरी फंक्शनची प्रत्येक ओळ चालते आणि ओळींचे कव्हरेज १०० टक्के दिसते. दिवसाच्या प्रवासाला चुकून सव्वापट भाडे लागते का, हे मात्र कोणी तपासलेलेच नसते. शाखांचे कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अटीच्या ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन्ही वाटा चालल्या का, हे मोजले असते तर ते ५० टक्के दिसले असते आणि उणीव लगेच ध्यानात आली असती. आता दुपारची दुसरी टेस्ट लिहिली की शाखाही १०० टक्के होतात. तरीही बरोबर १२ वाजता काय होते, बरोबर ५ वाजता काय होते, ११:५० ला बसून १२:२० ला उतरणाऱ्याला जादा दर कोठून लागतो, आणि २६ रुपयांचे सव्वापट म्हणजे साडेबत्तीस रुपये कसे पूर्णांकात आणायचे, यांपैकी एकही प्रश्न त्या आकड्यात दिसत नाही. हे प्रश्न नियम वाचणाऱ्या आणि रात्री उशिरा रिक्षाने घरी जाणाऱ्या माणसालाच सुचतात.

काही क्षेत्रांत कव्हरेज ऐच्छिक नसते. विमानातील सर्वांत संवेदनशील श्रेणीच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे मार्गदर्शक मानक एमसी/डीसी हे अधिक कडक कव्हरेज मागते, ज्यात निर्णयातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलू शकते हे दाखवावे लागते.

७. मग आमच्या टेस्ट केस चांगल्या आहेत की नाहीत, हे कशाने मोजावे?

कोडमध्ये मुद्दाम लहान चूक घालून टेस्ट ती पकडते का, हे पाहावे. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा यावरील प्रसिद्ध निबंध १९७८ चा आहे. प्रश्न ६ मधील रिक्षाच्या रात्रीच्या भाड्याच्या उदाहरणात ‘५ पेक्षा कमी’ ऐवजी ‘५ किंवा कमी’ असे केले आणि सगळ्या टेस्ट तरीही पास झाल्या, तर पहाटे ५ च्या सीमेवर आपली टेस्ट नाही, हे तत्काळ सिद्ध होते. अशा चुकांपैकी किती टक्के पकडल्या गेल्या, तो म्युटेशन स्कोअर. यंत्राला बराच वेळ लागतो, त्यामुळे संपूर्ण कोडवर न चालवता पैशांचा हिशेब करणाऱ्या भागापुरते चालवणे व्यवहार्य ठरते. काही बदल असे असतात की वर्तन बदलतच नाही. ते कोणतीही टेस्ट पकडू शकत नाही, म्हणून १०० चा हट्ट येथेही धरू नये.

८. ऑटोमेशनमधील टेस्ट अधूनमधून उगाच फेल होतात. एवढ्या किरकोळ प्रमाणाची नोंद ठेवायची गरज आहे का?

निश्चितच आहे. समजा, ३०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट कारणाशिवाय फेल होण्याची शक्यता केवळ अर्धा टक्का आहे. या घटना परस्परांपासून स्वतंत्र धरल्या, तर सगळ्या टेस्ट एकदम पास होण्याची शक्यता सुमारे २२ टक्केच उरते. म्हणजे कोडमध्ये एकही दोष नसताना शंभरपैकी ७८ वेळा निकाल लाल दिसेल, आणि टीमला लाल रंगाकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागेल. ज्या दिवशी खरा बग त्या लाल रंगात असेल, त्या दिवशीही तो कोणी पाहणार नाही. कोड न बदलता पुन्हा चालवल्यावर निकाल बदलणाऱ्या टेस्टची यादी दर आठवड्याला काढावी, त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांना दुरुस्तीची तारीख द्यावी.

९. टेस्टिंग कधी थांबवावे? किती बग शिल्लक आहेत, हे कळू शकते का?

अचूक कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. तळ्यातील मासे मोजण्याची पद्धत येथे चालते : काही मासे पकडून, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळे टाकायचे आणि खुणेचे किती आले ते पाहायचे. दोन टेस्टरांना एकमेकांशी न बोलता एकच मॉड्यूल तपासायला द्यावे. समजा, पहिलीला २४ बग सापडले, दुसऱ्याला १८, आणि १२ दोघांच्या यादीत आले. एकूण बगचा अंदाज २४ गुणिले १८ भागिले १२, म्हणजे ३६. वेगवेगळे बग ३० सापडले आहेत, म्हणून सुमारे ६ शिल्लक असावेत. सोपे बग दोघांनाही सापडतात आणि अवघड दोघांच्याही नजरेतून सुटतात, त्यामुळे हा अंदाज सहसा कमी येतो. ६ हा आकडा ‘किमान ६’ असा वाचावा.

याच विचाराचे दुसरे रूप हार्लन मिल्स यांनी १९७० च्या दशकात मांडले : कोडमध्ये माहीत असलेले बग पेरायचे आणि त्यांतील किती सापडतात यावरून खऱ्यांचा अंदाज करायचा. पेरलेले बग एकूण एक काढले गेले याची नोंद मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवावी लागते. रोज नव्याने सापडणाऱ्या बगचा आलेख सपाट होणे हीसुद्धा थांबण्याची खूण आहे, परंतु टेस्टिंगचे तासही त्याच दिवसांत घटले असतील, तर त्या सपाटीला अर्थ नाही.

१०. आमच्या टेस्टिंगचा खरोखर किती उपयोग झाला, हे कोणत्या आकड्याने सांगावे?

दोषनिवारणाची कार्यक्षमता हा त्यासाठी माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आकडा आहे. रिलीजपूर्वी सापडलेले बग भागिले रिलीजपूर्वीचे अधिक रिलीजनंतर ठरावीक काळात सापडलेले बग. केपर्स जोन्स यांनी हे मेट्रिक रूढ केले आणि त्यासाठी सामान्यतः पहिले ९० दिवस धरतात. आधी १९० आणि नंतर १० सापडले असतील, तर कार्यक्षमता ९५ टक्के.

येथे दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. ९० दिवस पूर्ण होण्यापूर्वी हा आकडा जाहीर केल्यास तो खोटा चांगला दिसतो. आणि रिलीज फक्त मोजक्या ग्राहकांपुरते असेल, तर बग सापडायला तितके वापरणारेच नसतात.

११. मागच्या स्प्रिंटला (ठरावीक काळाच्या कामाच्या टप्प्याला) ९ बग होते, या वेळी १३ झाले. मॅनेजर स्पष्टीकरण मागत आहेत. काय सांगावे?

बहुधा ‘काही विशेष घडलेले नाही’ हेच खरे उत्तर असते. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण तक्ता मांडला तो याच कारणासाठी : नेहमीचा चढउतार कोणता आणि दखल घेण्याजोगा बदल कोणता, हे वेगळे करता यावे म्हणून. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतातही आले होते. अनेक स्प्रिंटची सरासरी ९ असेल, तर तिचे वर्गमूळ ३, त्याची तिप्पट ९, म्हणून नेहमीची मर्यादा ० ते १८. बग एकमेकांशी संबंध नसताना तुरळक येतात असे यात गृहीत आहे, त्यामुळे हा ढोबळ हिशेब आहे. तरीही १३ या मर्यादेच्या चांगलेच आत आहे. एकच स्प्रिंट १८ च्या वर गेला, किंवा सलग आठ स्प्रिंट सरासरीच्या एकाच बाजूला राहिले, तर कारण शोधावे.

१२. परफॉर्मन्स टेस्टच्या अहवालात सरासरी वेळ उत्तम आहे, तरी ग्राहक तक्रार का करतात?

सरासरी कोणाच्याही वाट्याला येत नाही, म्हणून. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे ७३. या दोन केंद्रांची सरासरी ५०८ च्या आसपास येते, पण तेवढा पाऊस दोहोंपैकी कोठेच पडला नव्हता. कुर्ला-कलिन्यात घरात पाणी शिरलेल्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग?

समजा, १०० व्यवहारांपैकी ९५ अर्ध्या सेकंदात झाले आणि ५ व्यवहारांना १२ सेकंद लागले. सरासरी १.०७५ सेकंद येते आणि अहवाल हिरवा दिसतो. तक्रार करणारे ते पाच जण आहेत. म्हणून मध्यक (निम्मे व्यवहार ज्या वेळेच्या आत झाले ती वेळ), ९५ वे आणि ९९ वे शतमक (अनुक्रमे ९५ आणि ९९ टक्के व्यवहार ज्या वेळेच्या आत झाले ती वेळ) असे तीन आकडे द्यावेत, आणि तेही गर्दीच्या वेळेचे वेगळे द्यावेत.

१३. आमच्याकडे अप्रेझलमध्ये प्रत्येक टेस्टरने नोंदलेल्या बगची संख्या धरतात. हे योग्य आहे का?

नाही, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो, तेथे हा नियम आला तेव्हा पहिल्याच महिन्यात बगची संख्या वाढली आणि सगळ्यांना आनंद झाला. मी नोंदी उघडून वाचल्या. पत्त्याच्या फॉर्मवरील पिनकोड, मोबाइल आणि ईमेल या तीन रकान्यांत एकाच कारणाने रिकामी जागा चालत होती, आणि त्याचे तीन वेगळे बग नोंदले गेले होते. त्याच महिन्यात आमची सर्वांत अनुभवी सहकारी चार दिवस एकाच बगच्या मागे होती : कर्जाचा हप्ता महिन्याच्या ३१ तारखेला असेल, तर फेब्रुवारीत व्याज दोनदा लागत होते. तिच्या नावावर त्या आठवड्यात एक बग होता. तिला कमी श्रेणी मिळाली. पुढच्या तिमाहीत तीही स्पेलिंगच्या चुका नोंदू लागली, आणि मला त्याचे आजही वाईट वाटते.

संख्येवर माणूस तोलला की डेव्हलपरशी भांडण वाढते, अवघड भागात कोणी हात घालत नाही आणि नोंदींचा डेटाही नासतो, त्यामुळे प्रश्न ९ आणि १० मधील हिशेबही निरुपयोगी होतात. मूल्यमापन करायचेच असेल, तर टेस्टरच्या पाच-सहा नोंदी वाचाव्यात : पायऱ्या स्पष्ट आहेत का, बग का महत्त्वाचा हे लिहिले आहे का, डेव्हलपरला पुन्हा विचारावे लागले का.

१४. क्लायंटने ‘९८ टक्के टेस्ट पास’ अशी अट करारात घातली आहे. यात काय धोका आहे?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबाबत जे निरीक्षण मांडले, ते येथेही लागू पडते : एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दबाव आला की त्याचा मूळ अर्थ ढासळतो. ९८ गाठण्यासाठी सोप्या टेस्ट वाढवता येतात आणि अवघड टेस्ट ‘लागू नाही’ करता येतात. करारात टक्केवारीसोबत ‘गंभीर श्रेणीचा एकही बग उघडा नसावा’ आणि ‘टेस्टची यादी साइन-ऑफपूर्वी (अंतिम मंजुरीच्या सहीपूर्वी) दोन्ही बाजूंनी गोठवावी’ अशी दोन वाक्ये घालून घ्यावीत. गंभीर कोणाला म्हणायचे, यासाठी प्रश्न १६ पाहावा.

१५. संपूर्ण फेरीत एकही बग सापडला नाही. अहवालात काय लिहावे?

काय तपासले, कोणत्या डेटावर, कोणत्या बिल्डवर आणि काय तपासले नाही, एवढे लिहावे. ‘सॉफ्टवेअर दोषरहित आहे’ असे लिहू नये, कारण टेस्टिंगने दोष असल्याचे दाखवता येते, नसल्याचे नाही.

१६. एकाच बगला एक जण गंभीर म्हणतो, दुसरा किरकोळ. अशा आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा?

आधी सीव्हिअरिटी (बिघाड किती मोठा) आणि प्रायॉरिटी (दुरुस्ती किती तातडीची) वेगळ्या कराव्यात. पावतीवर बँकेचेच नाव चुकीचे छापले जात असेल, तर बिघाड लहान आहे पण दुरुस्ती आजच हवी. त्यानंतर दोघांना तेच ५० बग स्वतंत्रपणे वर्गीकृत करायला द्यावेत. ४१ वर एकमत झाले, तर ८२ टक्के, पण त्यातील काही एकमत निव्वळ योगायोगाचे असते. तो भाग वजा करणारा ‘कप्पा’ (kappa) गुणांक जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला, आणि कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये तो काढता येतो. मतभेदाचे ९ बग टेबलावर ठेवून चर्चा केली की व्याख्येतील नेमकी संदिग्धता सापडते. ती लिहून ठेवावी, आणि व्याख्या बदलल्याच्या तारखेपूर्वीचे व नंतरचे आकडे एका आलेखात जोडू नयेत.

१७. आकडे वाईट आले म्हणून काही बग अहवालातून ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलायला सांगितले जाते. टेस्टरने काय करावे?

बग पुढे ढकलणे हा व्यवसायाचा निर्णय असू शकतो आणि तो घेण्याचा अधिकार प्रॉडक्टच्या प्रमुखाला आहे. बग मोजणीतून नाहीसा करणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून पुढे ढकललेल्या बगचा स्वतंत्र रकाना अहवालात ठेवावा : बगचा क्रमांक, सीव्हिअरिटी, ग्राहकाला नेमका काय त्रास होईल याचे एक वाक्य, निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या तारखेला. तोंडी सूचना मिळाली असेल, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे खालील बग पुढच्या टप्प्यात नेत आहे’ असा साधा मेल पाठवावा. साइन-ऑफच्या कागदाला उघड्या बगची ही यादी जोडलेली असावी, आणि आपली सही त्या यादीच्या खाली असावी.